आजोबांचा फोटो घरात होता

बाबा, मी पुन्हा कोलकात्यात राहायला आले आहे. निवृत्तीला चार वर्षं उरलेली असताना बँकेनं इथं बदली केली, आणि ऑर्डर हातात पडली तेव्हा आधी तुम्हीच आठवलात. या शहरात मी तुमचं बोट धरून आले होते. तेव्हा मी नऊ वर्षांची, ताई तेराची. केंद्र सरकारच्या नोकरीत दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलायचं, त्यातली ती बेहालाची तीन वर्षं. आता भाड्यानं घेतलेला फ्लॅटही बेहालातच मिळाला. आपण राहायचो त्या घराच्या जागी चार मजले उभे आहेत, खाली नळ आणि फरशांचं दुकान आहे, आणि ज्या रस्त्यावरून ट्राम खडखडत जायची त्याच्या डोक्यावरून मेट्रो जाते. पहिल्याच आठवड्यात मी त्या गल्लीत जाऊन उभी राहिले आणि तुमची फार प्रेमानं आठवण आली, हे मुद्दाम लिहून ठेवते. रविवारी सकाळी तुम्ही आम्हा दोघींना व्हरांड्यात चटईवर बसवून शुद्धलेखन घालायचात. परमुलखात मुलींचं मराठी बिघडायला नको, म्हणायचात. माझा ‘ळ’ तुम्हांला कधी पसंत पडला नाही. तुम्ही माझा हात धरून तो गिरवून घ्यायचात, शेवटी खाली एक छोटा गोल वळसा, तुमचा खास. दहाव्या वाढदिवसाला एस्प्लनेडच्या एका दुकानातून तुम्ही मला शाईचं पेन आणून दिलंत आणि त्या पेनानं पहिलं वाक्य काय लिहायचं तेही तुम्हीच सांगितलंत: ‘मी नेहमी खरे बोलेन.’ हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात प्रेम कमी आहे.

नोव्हेंबर महिन्यात आमच्या शाखेत पेन्शनर मंडळींची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो, म्हणजे आपण जिवंत आहोत हे स्वतः येऊन सांगायचं असतं. त्या रांगेत एक पंचाहत्तरीच्या बाई होत्या, सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांनी माझ्या टेबलावरची पाटी दोनदा वाचली. आपलं आडनाव दुर्मीळ, महाराष्ट्रातसुद्धा लोक दोनदा विचारतात. त्या म्हणाल्या की या आडनावाच्या एक मिस त्यांना शाळेत शिकवायला होत्या, मराठीच होत्या, पाद्र्याची मुलगी. मी हसले. आमच्यात पाद्री कुठला यायला, म्हटलं. त्यांनी शांतपणे आपल्या गावाचं नाव घेतलं, बाबा. कोकणातलं, नकाशात न सापडणारं आपलं गाव, बंगाली उच्चारात. मिसच्या आईचं घर तिथं होतं, म्हणाल्या. मागचे लोक कुरकुरायला लागले म्हणून त्यांनी मला एका कागदावर बागबाजारचा पत्ता लिहून दिला आणि त्या उठल्या. मी पुढचे दोन तास अंगठे घेत राहिले आणि माझ्या डोळ्यांसमोर एक दुपार उभी राहिली, जी माझ्यापुरती मी केव्हाच खोटी ठरवून टाकली होती.

ती दुपार अशी. मी दहा वर्षांची आहे. शनिवार आहे, तुम्ही घरी आहात, पण धोतर न नेसता इस्त्रीची पँट घालून बसला आहात. दारात एक म्हातारी बाई उभी आहे. पांढरं सुती पातळ, बारीक निळा काठ, कपाळ मोकळं, काखेत छत्री, हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. ती तुमच्याकडे बघत राहते. इतका वेळ बघते की मला हसू येतं. मग ती म्हणते, “मी मराठी बोलत्ये ते कळतंय ना तुम्हांला? आईवाचून कुणाशी बोलल्ये नाही मी.” तुम्ही म्हणता, “कळतंय, बाई. बसा.” तुम्ही तिला खुर्ची देता. आई चहा आणते, रोजच्या कपात नाही, वरच्या फळीवरच्या, कान तुटलेल्या कपात. मला त्या बाई आवडतात. त्या ‘जात्ये’, ‘करत्ये’ असं बोलतात, गाव सोडून कधी बाहेर न पडलेल्या बाईसारखं, आणि मध्येच शब्द अडला की बंगालीत पुटपुटतात. त्यांनी आणलेल्या खोबऱ्याच्या वड्या आहेत. आई काही म्हणायच्या आत मी एक तोंडात टाकते. त्यांना एवढा आनंद होतो की त्या माझा गाल हातात धरतात.

मग त्या तुम्हांला सांगतात की त्या एकच गोष्ट मागायला आल्या आहेत. त्यांना त्यांच्या भावाचं तोंड बघायचं आहे. एखादा फोटो असला तर. घेऊन जाणार नाहीत, नुसता बघतील. त्यांच्या आईनं त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो दीड वर्षाचा होता, आणि पुढचं आयुष्यभर ती म्हणायची, आता कसा दिसत असेल. आई जाऊन तीस वर्षं झाली, निदान आपण तरी बघावं. तुम्ही म्हणता, “फोटो नाही. त्यांना फोटोची आवड नव्हती.” मला कळत नाही की कोणाचा फोटो, पण त्यांनी नाव घेतलेलं असतं आणि ते माझ्या आजोबांचं नाव असतं, म्हणून मी मदत करायला जाते. मी म्हणते, “आजोबांचा फोटो आहे की, आतल्या खोलीत.” तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, “मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नये. आत जा.” मी आत गेले. भिंतीवर फोटो नव्हता. खिळा होता, आणि फोटोच्या आकाराचा स्वच्छ चौकोन होता.

त्या गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, “चूळ भरून ये.” वड्या मोलकरणीला द्यायला सांगितल्या, कप बाहेर टाकायला सांगितला. मी विचारलं, कोण होत्या. तुम्ही म्हणालात, कोणी नाही, ऑफिसातल्या ओळखीतून आलेली एक ख्रिश्चन बाई, तिचा काहीतरी गैरसमज झालाय. संध्याकाळी फोटो जागेवर होता, हारासकट. मी म्हटलं, दुपारी नव्हता. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि अगदी मायेनं म्हणालात की तुझा काहीतरी गोंधळ झाला असेल, बाळ. शेहेचाळीस वर्षं मी तो माझा गोंधळ मानला. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवू नये असं मी त्या दिवशी शिकले. पुढे नोकरीत, माणसांत, एका माणसात तर फारच, ते शिक्षण मला किती महागात पडलं ते तुम्हांला सांगून आता उपयोग नाही.

पुढच्या रविवारी मी बागबाजारला गेले. जुनं तिमजली घर, लाल सिमेंटची घासून गुळगुळीत झालेली जमीन, फळ्यांच्या खिडक्या. नर्सबाईंनी दार उघडताच थट्टा केली, की मराठ्यांनी शहरात शिरू नये म्हणून आमच्या लोकांनी इथूनच खंदक खणायला घेतला होता, आणि तुम्ही जिना चढून सरळ वर आलात. मग त्यांनी पलंगावर एक पत्र्याची पेटी आणून ठेवली. मिसला नवरा नव्हता, मूल नव्हतं, भावंडं आधीच गेलेली. शेवटची पाच वर्षं त्या या विद्यार्थिनीकडेच राहिल्या आणि पेटी तिच्याकडे सोपवून गेल्या. कोणी विचारायला आलं तर दे, म्हणाल्या होत्या. तीस वर्षं कोणी आलं नाही. नर्सबाईंना मराठी वाचता येत नाही, तरी दर पावसाळ्यानंतर त्या ते कागद उन्हात घालत आल्या आहेत.

सगळ्यात वर एक वही होती. आत्याआजींनी आपल्या आईकडून ऐकलेलं मराठीत लिहून काढलेलं. आत्याआजी म्हणते आहे मी, तुमच्या सख्ख्या आत्याला, जिला तुम्ही ‘बाई’ म्हणालात. आपल्या घरात पणजीची गोष्ट काय होती? आजोबांना जन्म दिला आणि बाळंतपणातच गेली. पणजोबांना त्या दुःखानं वैराग्य आलं, ते काशीला गेले, संन्यास घेतला. केवढी सुंदर गोष्ट! पितृपक्षात तुम्ही तिच्या नावानं पाणी सोडायचात आणि मी तुमच्या शेजारी पाट मांडून बसायचे. खरं हे आहे, की पणजोबा पुण्यात शिकायला होते, तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि बायकोला न्यायला गावी आले. ती सतरा वर्षांची होती. वहीत तिचं वाक्य आहे: “मला विचारलं नाही. ‘चल’ म्हणाले. नाही गेल्ये असत्ये तर सासऱ्यांनी ठेवलं असतं, पण केस काढून. आणि गेल्ये तर पोर जाईल हे मला उंबऱ्यापर्यंत कुणी सांगितलं नाही.” उंबऱ्याशी सासऱ्यांनी मूल तिच्या कडेवरून घेतलं आणि आता जा म्हणाले. ती दोन दिवस गावाबाहेरच्या धर्मशाळेत नवऱ्याशी भांडत बसली. दूध आटेपर्यंत पदर भिजत होता, असंही तिनं मुलीला सांगितलं आहे. तिसऱ्या दिवशी घरात मातीचा घडा फोडून तिचं श्राद्ध घातलं गेलं. सतरा वर्षांच्या, चालत्याबोलत्या मुलीचं. हयातीचा दाखला द्यायला ती दारात उभी होती, बाबा, आणि आपल्या लोकांनी आतून कडी घातली.

मिशननं त्या दोघांना नातेवाइकांपासून लांब म्हणून कलकत्त्याला पाठवलं. ते शिकून पाद्री झाले, ती पाद्र्याची बायको झाली. एका शब्दाचं बंगाली येत नव्हतं. ओल्या लाकडांच्या धुरानं काळी झालेली मिशनच्या बंगल्यामागची चूल, प्रवचनानंतर पंधरा-वीस माणसांचा चहा, आजारी लोकांच्या घरी रांधून पोचवायचं, रविवारच्या शाळेतल्या मुलींना शिवण शिकवायचं. त्यातच पाच बाळंतपणं. तीन मुलं तिच्या हातातच गेली, दोन एका आठवड्यात. एक मुलगा मोठा होऊन रेल्वेत लागला आणि तिशीत गेला. राहिली आत्याआजी. चुलीपाशी बसून आई तिच्याशी मराठी बोलायची, कारण दुसऱ्या कोणाशी बोलायची सोयच नव्हती. पाद्रीबुवा घरात इंग्रजी बोलत. आत्याआजींनी लिहिलं आहे की आईला राग आला की ती भांड्यांशी मराठीत बोलायची, आणि लहानपणी त्यांना वाटायचं की मराठी ही भांड्यांचीच भाषा आहे.

वहीखाली पत्रांचा गठ्ठा होता. पणजीनं सासरी पाठवलेली पत्रं, वर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेली. मी पाच-सहाच वाचू शकले. मुलाला गोवर झाला का, दात कसे आले, मुंज केलीत का, लग्न ठरलं म्हणून कानावर आलंय तर सुनेसाठी एक खण पाठवू का, टाकून दिलात तरी चालेल. आणि बायबल होतं. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर तिनं मुलांची नावं लिहिली आहेत. पाचांच्या जन्माच्या तारखा इंग्रजी. पण त्यांच्या वर, सगळ्यात पहिलं, आजोबांचं नाव आहे आणि जन्म तिथीनं लिहिला आहे. मेलेल्या मुलांपुढे बारीक क्रूस आहेत. आजोबांच्या नावापुढे टिंबं आहेत, बारीक, एका ओळीत, मग खाली दुसऱ्या ओळीत. मला कळेना. नर्सबाईंनी सांगितलं, मिसनी त्यांना सांगितलेलं: पोराच्या वाढदिवसाला आई दरवर्षी एक टिंब द्यायची. शेवटचं टिंब फाकलं आहे.

इथपर्यंत मी रडत होते आणि तुमच्यावर रागावलेही नव्हते. मला वाटत होतं, तुम्हांलाही कुणी सांगितलं नसेल, तुम्हीही माझ्यासारखेच फसलेले. मग नर्सबाई म्हणाल्या, एक पत्र आणखी आहे, ते मिस वेगळं ठेवायच्या. अंतर्देशीय पत्रावर मराठीत पाच ओळी. सही वाचायची गरज पडली नाही. त्यात दोन ‘ळ’ होते, दोन्हींना खाली गोल वळसा. “आपण आलात, भेट झाली. यापुढे येऊ नये अशी विनंती आहे. मला दोन मुली आहेत, त्यांची लग्ने व्हायची आहेत. वडीलधाऱ्यांनी आपापला मार्ग निवडला, त्याची फळे पुढील पिढीने भोगावीत हे मला पटत नाही. आपल्याला काही त्रास झाला असल्यास वाईट वाटू नये. कळावे.” कळावे! काय कळावं, बाबा? सत्तर वर्षांच्या म्हातारीला, जिनं तुमच्याकडे भाताचं शीत मागितलं नाही, एका मेलेल्या माणसाचं तोंड बघायला मागितलं, तिला काय कळावं? आणि शुद्धलेखनाची एक चूक नाही त्या पत्रात. ज्या मुलींच्या लग्नांसाठी तुम्ही ते लिहिलंत त्यांतल्या धाकटीनं लग्न केलंच नाही, आणि थोरलीच्या सासरी पंजाबी सून आहे, गोव्याचा जावई आहे, कोणाला कशाचं काही वाटत नाही. तुम्ही कशाची राखण करत होतात?

मी नर्सबाईंना विचारलं, त्या दिवसाबद्दल मिस काही बोलल्या होत्या का. हो, म्हणाल्या. भावाच्या मुलाकडे जाऊन आले, असं त्यांनी मुद्दाम जुन्या शाळेत जाऊन सगळ्या स्टाफरूमला सांगितलं होतं. फार चांगलं वागवलं, बसायला खुर्ची दिली, चहा दिला, एक नात आहे, तिनं माझ्या हातची वडी खाल्ली. एवढंच. तिनं तुमची लाज राखली, बाबा. तुमच्या पत्राचं भाषांतर करून द्या असं कुणी म्हटलं तेव्हा, यात फक्त खुशाली आहे, म्हणाली.

घरी येऊन मी आईला फोन केला. तुम्ही गेल्यापासून ती पुण्याला ताईकडे असते, ऐकू कमी येतं, पण आठवण पक्की आहे. मी विचारलं, बेहालाच्या घरी एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या, त्या दिवशी आजोबांचा फोटो भिंतीवर होता का. आईनं मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाली, “मी उतरवला होता. त्यांचं आधी पत्र आलं होतं ना, फोटो बघायला येत्ये म्हणून. ह्यांनी सकाळीच सांगितलं, काढून ठेव. माझ्या जुन्या पातळात गुंडाळून पलंगाखाली ठेवला.” मी म्हटलं, तुला काहीच वाटलं नाही? ती म्हणाली, “वाटलं की. कप मी टाकला नाही. तो मी पुढे किती वर्षं वापरत होते, स्वतःसाठी.” मग विचारायची पद्धत नव्हती गं तेव्हा, असं म्हणून तिनं फोन ताईकडे दिला. म्हणजे तुम्ही गडबडून खोटं बोलला नव्हतात. मला इतके दिवस तेवढी आशा होती. तुम्ही सकाळी उठून, दाढी करून, खोट्याची जागा तयार करून ठेवलीत, त्यात माझ्या आईला हाताशी धरलंत, आणि संध्याकाळी ते खोटं माझ्या डोक्यावर हात ठेवून मला दिलंत.

पण माझा राग सगळा तुमच्या वाट्याचा नाही, हेही सांगते. पणजोबा पाद्री होते त्या चर्चमध्ये नर्सबाई मला घेऊन गेल्या. तिथं पणजोबांवर एक जुनी पुस्तिका आहे. त्यात त्यांचा फोटो, त्यांची प्रवचनं, त्यांनी बांधलेली शाळा, आणि एक वाक्य: श्रद्धेसाठी त्यांनी सर्वस्वाचा त्याग केला. सर्वस्व म्हणजे काय होतं त्यांचं? दीड वर्षाचं मूल, आणि ते त्यांचं एकट्याचं नव्हतं. त्याग तिच्या कडेवरून झाला. तिच्याबद्दल त्या चाळीस पानांत अर्धी ओळ आहे, की त्या त्यांना कार्यात साथ देत. नावसुद्धा नाही. आपल्याकडे ती मेली, इकडे ती साथ देत होती. दोन्हीकडच्या पुरुषांनी आपापली गोष्ट नीटनेटकी केली आणि तिला त्यातून झाडून काढलं.

कब्रस्तानात दोघांचा एकच दगड आहे. वर त्यांचं नाव, पदव्या, बायबलमधली ओळ. खाली इंग्रजीत, त्यांची प्रिय पत्नी आणि पाच मुलांची आई. पाच. मी तिथंच ठरवलं. चर्चच्या कमिटीला अर्ज केला की हा आकडा चुकीचा आहे. तिथले सेक्रेटरी सभ्य गृहस्थ, त्यांनी मला चहा दिला आणि सांगितलं की नोंदवहीत पाचच बाप्तिस्मे आहेत, सहाव्या मुलाचा पुरावा लागेल. मी बायबलचं पान घेऊन गेले. पान मराठीत, म्हणून भाषांतर मागितलं. भाषांतर करून दिलं, तर ते तुम्हीच केलंय, तुम्ही नातेवाईक, असं झालं. कमिटीच्या दोन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीला नर्सबाई आल्या. मी त्यांना वाचून दाखवलेली ती परत आलेली पत्रं त्यांनी टेबलावर ठेवली आणि सेक्रेटरींना म्हणाल्या, “ज्याच्या दातांची चौकशी ती करते आहे, तो कोणाचा मुलगा होता, तेवढं लिहून द्या. मग आम्ही जातो.” त्याच बैठकीत परवानगी मिळाली.

जानेवारीत दगडावर काम झालं. पाथरवटानं जुना शब्द घासून काढला आणि तिथे ‘सहा’ कोरलं. तेवढी जागा बाकीच्यापेक्षा खोल गेली आहे, बोट फिरवलं तर कळतं. शेजारच्या लहान दगडावर आत्याआजींचं नाव आहे. ताईनं पुण्याहून आजोबांच्या फोटोचा फोटो काढून पाठवला होता, तो मी छापून घेतला आणि पेटीत, बायबलच्या त्या पानात ठेवला. नर्सबाईंनी आधी तो खिडकीपाशी नेऊन पुष्कळ वेळ बघितला आणि म्हणाल्या की मिसच आहेत ह्या, मिशा लावलेल्या. आम्ही दोघी हसलो. मग मला पुन्हा तुमचा राग आला, कारण हे हसणं त्या शनिवारी आपल्या बैठकीत होऊ शकलं असतं, आणि तुम्हीही हसला असतात. तुम्हांला हसायला आवडायचं.

हे पत्र मी ताईला वाचायला देणार होते. तिनं ते आईला मोठ्यानं वाचून दाखवावं, असं मनात होतं. आता देणार नाही. एक गोष्ट मी या सगळ्यांना सांगितलेली नाही, नर्सबाईंनाही नाही. तुमचं पत्र आत्याआजीला मिळालं त्यानंतर, म्हणजे आता तारखा जुळवल्यावर कळतं की त्यानंतरच, आमच्या वर्गाची सहल म्युझियमला गेली होती. परत येताना एस्प्लनेडला ट्रामच्या थांब्यापाशी आम्हांला जोडीजोडीनं उभं केलं होतं. ती गर्दीतून छत्री सावरत आली, माझ्यासमोर वाकली आणि म्हणाली, “ओळखलंस का गं मला?” मी ओळखलं होतं. पातळाच्या काठावरून लांबूनच ओळखलं होतं. माझा हात धरलेल्या मुलीनं विचारलं, ही कोण तुझी. मी हिंदीत, स्पष्ट, आत्याआजीलाही ऐकू जाईल असं म्हणाले की मला माहीत नाही. ती सरळ उभी राहिली, आमच्या टीचरना बंगालीत म्हणाली की चूक झाली, आणि ट्रामकडे निघून गेली. तुम्ही तिथं नव्हतात, बाबा. मला कोणी आत जा म्हटलं नव्हतं. घरी आल्यावर मी तुम्हांला हे सांगितलं नाही, कारण तुम्ही मला शाबासकी द्याल अशी मला भीती वाटली.